कागदाचा बाण

छोटूनं हँडलवरच्या होल्डरला शेवटचा पीळ दिला, हातानं गदागदा हलवून बघितलं आणि फडक्याला बोटं पुसत मागे सरकला.

"बघा भाऊजी. फोन असा इथं बसतो. खड्डा लागो, गतिरोधक लागो, जागचा हलणार नाही."

भाऊजींनी गाडीवर बसल्या बसल्या अंगठा होल्डरच्या कडेवरून फिरवला. चारही कोपरे चाचपले, मागचा स्क्रू बोटाच्या टोकानं तपासला आणि मान डोलावली.

"पकड चांगली आहे. आणि ते दुसरं? ते यंत्र?"

"जीपीएस. दाखवतो की. घोडं कुठं पळून चाललंय?"

छोटू पन्नाशीला टेकला होता. बाजारात त्याला सगळे शेठ म्हणायचे, कारण रस्त्याला लागून असलेलं मोटारसायकलच्या सामानाचं एवढं मोठं दुकान दुसऱ्या कुणाचं नव्हतं. हेल्मेट, आरसे, हातमोजे, सीटकव्हर, सगळं त्याच्याकडे मिळायचं आणि दारातच बसवून मिळायचं. पण ताई आणि भाऊजी दुकानात आले की शेठचा पुन्हा छोटू व्हायचा. त्याला ते आवडायचंही.

आज मात्र त्याला नवल वाटत होतं. रस्ता शोधायचं यंत्र, आणि ते भाऊजींना हवं? भाऊजी शिलाई मशीन दुरुस्त करायचे. शिंप्यांची दुकानं, कपड्यांचे कारखाने, आडबाजूच्या वस्त्यांमधल्या घरगुती मशीन, सगळीकडे त्यांची मोटारसायकल उभं आयुष्य फिरली होती. डोळ्यांवर पट्टी बांधून कुठंही सोडा, भाऊजी बरोबर घरी येतील, असं घरात सगळे म्हणायचे. ताईचं नेमकं उलटं. कोपऱ्यावरचं दुकान बंद असलं तरी ती स्वतःची गल्ली सोडून पुढे निघून जायची. देवानं जोडी जुळवताना रस्ते सगळे एकाच्या पदरात टाकले, हा छोटूचा जुना विनोद होता.

"तो बाहेरून नवा रस्ता झाला ना," भाऊजी म्हणाले, "तेव्हापासून सगळं उलटंपालटं झालंय. कुठून चढायचं, कुठून उतरायचं, काही पत्ता लागत नाही. परवा एका कारखान्यात जायचं तर तिसऱ्याच गावाला निघालो."

"पाट्या लावल्यात की मोठमोठ्या."

"पाट्या काय, पाट्या असतातच," भाऊजी म्हणाले आणि होल्डर पुन्हा चाचपायला लागले.

ताई दाराजवळच्या स्टुलावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. एरवी ती दुकानात आली की गिऱ्हाइकांनाही बोलू द्यायची नाही. आज तिचं लक्ष भाऊजींच्या हातांकडे होतं.

छोटूनं आपलं नेहमीचं पुराण लावलं. विकता विकता ते तोंडपाठ झालं होतं.

"हे बघा भाऊजी, फोन म्हणजे घरचा माणूस. फुकट राबतो, पण ऐन वेळी रुसतो. उन्हात तापला की डोळे मिटून बसतो. नेमक्या वळणावर कुणाचा तरी फोन येणार आणि नकाशा गायब. पावसाचे चार थेंब पडले की आपली आपणच बटणं दाबत सुटतो. यंत्र म्हणजे पगारी माणूस. त्याला एकच काम येतं, पण ते मान मोडून करतं. हातमोजे घालून चालतं, भर उन्हात दिसतं, पाण्यात बुडालं तरी हूं की चूं नाही. फक्त अधूनमधून नवे रस्ते त्यात भरून घ्यावे लागतात. ते मी करून देईन."

"भर उन्हात दिसतं?" भाऊजींनी विचारलं.

"दिसतं म्हणजे? लख्ख."

"मग तेच लाव बघू."

छोटूनं होल्डर उतरवला आणि काचेच्या कपाटातून यंत्र काढलं. हे खरं यंत्र नव्हतं. कपाटात मांडून ठेवायला कंपनी एक नमुना देते. बाहेरून हुबेहूब तसाच, आत मात्र नुसता लोखंडाचा तुकडा, आणि पडद्यावर चिकटवलेला छापील नकाशा. त्यावर एक मोठं तळं होतं, तळ्यावरून जाणारा पूल होता आणि पुलाच्या तोंडाशी निळा बाण. एकदा पाना आवळताना खरा नग छोटूच्या हातून निसटून फरशीवर आपटला होता. तेव्हापासून तो आधी नमुना बसवायचा, गिऱ्हाइकाला गाडीवर बसवून उंची नि कोन जुळवायचा, आणि सगळं मनासारखं झालं की नमुना काढून त्या जागी खरं यंत्र लावायचा. त्याची ही पद्धत बाजारात सगळ्यांना माहीत होती.

"असं बसतंय का? की थोडं वर करू?"

"नको, बरोबर आहे."

"दिसतंय ना नीट?"

"स्वच्छ," भाऊजी म्हणाले.

छोटू खरा नग आणायला आत वळला, तेवढ्यात एक बाई पट्टा तुटलेलं हेल्मेट घेऊन काउंटरवर येऊन उभी राहिली. पट्टा आपोआप तुटला असं तिचं म्हणणं होतं आणि तो कुत्र्यानं चावलाय असं छोटूला स्पष्ट दिसत होतं. दातांच्या खुणा दाखवायच्या की नाही या विचारात तो असताना बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

"एक चक्कर मारून येतो रे!" भाऊजी ओरडले. ताई स्टुलावरून उठून केव्हा मागे बसली ते त्याला कळलंही नाही.

"अहो, थांबा, ते..." म्हणेपर्यंत गाडी रस्त्याला लागली होती.

छोटूला हसू फुटलं. खरं यंत्र खणात चार्जिंगला लावलेलं होतं आणि भाऊजी कागदाचा नकाशा मिरवत गाव फिरायला निघाले होते. आता परत येऊन ते काय शिव्या घालतील, ताई कशी खिदळेल, हे सगळं त्याच्या डोळ्यांपुढे आलं. खुशीत येऊन त्यानं त्या बाईला पट्टा फुकट बदलून दिला.

गाडी परत आली तेव्हा तो पायरीवर तयारीतच उभा होता. ताई दोन्ही हात भाऊजींच्या खांद्यांवर ठेवून ताठ बसली होती. तिचे तळवे खांद्यांवर दाबले गेले आणि गाडी अलगद त्याच्यापुढे थांबली. भाऊजींचा ब्रेक नेहमीच असा, पाण्याचा पेला सांडू नये इतका हलका.

"झकास आहे रे!" भाऊजी म्हणाले. "एवढं ऊन आहे, पण काय लख्ख दिसतं! वळणाच्या आधीच बाण वळतो. आपण फक्त मागून जायचं."

छोटू हसायला लागला. भाऊजी गंभीर चेहऱ्यानं थापा मारण्यात पटाईत होते. लहानपणी त्यांनी त्याला सांगितलं होतं, की हेडलाइटला रोज सकाळी सलाम केला नाही तर तो अंधारात दगा देतो. छोटूनं महिनाभर सलाम ठोकले होते. म्हणून आता तो त्या चेहऱ्याकडे बघत राहिला. कोपऱ्यात कुठंतरी मिशी हलेल, डोळा मिचकेल.

काही हललं नाही.

"ताई, काय म्हणतात बघ," तो म्हणाला. ताईनं पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. ती हसली नाही.

छोटूनं विचारलं, "भाऊजी, आत्ता कुठं दाखवतंय?"

भाऊजी वाकले. त्यांनी मान जराशी कलती केली, यंत्राच्या शेजारून पलीकडे काही बघावं तशी, आणि क्षणभर तशीच धरून ठेवली.

"इथंच की. तुझ्या दुकानापाशी."

तळ्यावर ऊन चमकत होतं. निळा बाण पुलाच्या तोंडाशी होता तिथंच होता.

"भाऊजी, तुम्ही जरा टेका. मी ताईला पाणी देतो," छोटू म्हणाला, आणि कुणाची वाट न बघता आत गेला.

मागच्या खोलीत हेल्मेटचे खोके छतापर्यंत रचलेले होते. त्यांच्यामधल्या बोळात भाऊबहीण उभी राहिली. पाण्याचं नाव कुणी काढलं नाही.

"कधीपासून?" छोटूनं विचारलं.

"मला कळलं ते थंडीत. त्यांना आधीच कळलं असणार. दोन डॉक्टर झाले. मधलं गेलंय म्हणतात. कडेकडेचं दिसतं. समोर माणूस उभा असला तर त्याचे कान दिसतात, तोंड नाही."

"आणि औषध?"

"गेलंय ते परत येत नाही. आहे ते किती दिवस राहील, ते सांगत नाहीत."

"आणि गाडी चालवतात? ताई, तू डोकं गहाण ठेवलंयस का?"

"हळू बोल." ताईनं दाराकडे बघितलं. "किल्ली लपवली होती मी. आठ दिवस. घरातल्या सगळ्या मशीन उघडून बसले, पुन्हा जोडल्या, पुन्हा उघडल्या. मग तेही सोडलं. भिंतीकडे तोंड करून झोपायचे. जेवायला उठवलं तर म्हणायचे, कशाला? काम काय केलंय मी? नवव्या दिवशी मीच किल्ली हातात दिली." तिनं एका खोक्यावरची धूळ बोटानं पुसली. "मशीन त्यांना हातानं दिसते रे. सुईत दोरासुद्धा ओवतात. नुसतं तिथपर्यंत पोचायचंय."

"म्हणून तू मागे बसतेस."

"म्हणते, घरी करमत नाही. ते म्हणतात, चल मग. दोन्ही हात खांद्यांवर असले की सरळ. एक उचलला की दुसऱ्या बाजूला वळायचं. दोन्ही दाबले की थांबायचं. असं आम्ही ठरवलं नाही कधी, आपोआप होत गेलं. ते विचारत नाहीत, मी सांगत नाही."

"आणि दुसऱ्या कुणाला लागलं तर? एखादं पोर आडवं आलं तर?"

ताईचा चेहरा एकदम म्हातारा दिसला. "रोज तेच दिसतं मला. झोपेतसुद्धा दोन्ही हात दाबून धरते. सिग्नल मी सांगते, माणसं सांगते, कुत्री सांगते. पण रस्ता? रस्ता मला कुठं कळतो? त्यांना पाट्या दिसत नाहीत आणि मला वाचून समजत नाहीत. म्हणून हे यंत्र."

"तो नमुना होता ताई. कागद होता नुसता."

"दिसला मला. गल्लीच्या टोकालाच दिसला. म्हटलं, तुला कळायचं तर असंच कळू दे. माझ्या तोंडून निघालं नसतं." मग ती त्याच्याजवळ सरकली आणि लहानपणी धरायची तसं तिनं त्याचं मनगट धरलं. "तू सांग त्यांना. तुझं ऐकतील. म्हणून तर तुझ्याकडे आणलं. फोन काय, यंत्र काय, घराजवळही चार दुकानं आहेत."

छोटू बाहेर आला तेव्हा त्याच्या मनात वाक्य तयार होतं. भाऊजी, गाडी आता बास. इतकं साधं. पण भाऊजी गाडीला टेकून उभे होते आणि पावलांच्या आवाजाकडे त्यांनी हसून तोंड वळवलं, आणि छोटूची नजर खाली चेनवर गेली. याच माणसानं त्याला गाडी शिकवली होती. मागे धावत, धापा टाकत ओरडायचे, चाकाकडे बघू नको, हाताकडे बघू नको, जायचंय तिथं बघ! गाडी नजरेच्या मागे येते! त्याच माणसाला आता तोंडावर काय सांगायचं? कुठल्या तोंडानं?

"भाऊजी, चेन फार सैल झालीय," तो म्हणाला. "अशी चालवू नका. गाडी राहू दे इथं. मी करून ठेवतो. दोन-चार दिवस लागतील, सामान मागवावं लागेल."

भाऊजी खाली बसले, हात लांब केला आणि चेन बोटांच्या चिमटीत धरून वरखाली केली. चाक थोडं फिरवलं, पुन्हा धरली. तिसऱ्यांदाही. मग उठून त्यांनी हात फडक्याला पुसले.

"चेन बरोबर आहे, छोटू."

रस्त्यावरून गाड्या जात होत्या. ताई दारात उभी होती. छोटूला वाटलं, आता तरी बोलावं, आता तर त्यांनीच दार उघडलंय. पण तो पाना उचलून पुसायला लागला. स्वतःची त्याला किळस आली.

भाऊजी नमुन्यावर हात ठेवून उभे होते. त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "समोर काही आलं, तर हे सांगतं का?"

"नाही भाऊजी. ते फक्त रस्ता सांगतं."

"एवढं महागाचं यंत्र, आणि समोरचं सांगत नाही?"

"नाही."

"म्हणजे ही लागणारच." त्यांनी दाराच्या दिशेनं मान हलवली. "मला वाटलं होतं, हिची सुटका होईल. दिवसभर उन्हातान्हात मागे बसून कंबर मोडते बिचारीची. रात्री कण्हते आणि सांगते काय, तर उशी बदलली म्हणून." ते हसले. "तिला वाटतं मला काही दिसत नाही."

छोटूच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायची गरज नव्हती, हे लक्षात आल्यावर ते जास्तच आलं.

"फोनच बरा मग," भाऊजी म्हणाले. "तो बोलतो तरी. आवाज मोठा ठेवतो. रस्ता तो सांगेल, बाकीचं ही सांगेल."

"फोन मग खिशात ठेवा. होल्डर कशाला?"

"असू दे होल्डर." त्यांनी खांदे सरळ केले. "गिऱ्हाइकं बघतात. मान खाली करून नकाशा बघणारा माणूस त्यांना रोजचाच आहे."

छोटूनं नमुना काढला आणि होल्डर पुन्हा जागेवर बसवला. दुसरं त्याला काय येत होतं? त्यानं पाना आवळला, आणखी आवळला, ब्रेकची वायर बघितली, टायरची हवा बघितली, आरसे पुसले. आरसे पुसताना आपण काय करतोय हे त्याचं त्यालाच कळेना. मग आतून त्यातल्या त्यात चांगलं हेल्मेट आणून ताईच्या डोक्यावर चढवलं आणि पट्टा हनुवटीखाली स्वतः लावला. ताईनं त्याच्या डोळ्यांत बघितलं. सांगितलंस का, असं तिनं विचारलं नाही. तिला उत्तर कळलं होतं.

गाडी निघाली. फोनमधल्या बाईचा बारीक आवाज ऐकू आला, पुढे उजवीकडे वळा, आणि ताईचा डावा हात भाऊजींच्या खांद्यावरून उचलला गेला.

छोटूनं दुकानाचं शटर अर्धं ओढलं, स्कूटर काढली आणि मागे निघाला. मागे जाऊन काय करणार होता, देव जाणे. पण पायरीवर उभं राहणं त्याला शक्य नव्हतं. गाडी डाव्या कडेनं संथ चालली होती. लाल दिव्यापाशी ताईचे तळवे दाबले गेले, ब्रेकचा दिवा लागला. एक सायकलवाला आडवा घुसला, पुन्हा तळवे, पुन्हा दिवा. छोटूच्याही हातांनी प्रत्येक वेळी ब्रेक दाबला. दोघांचं काय जमलं होतं! बाहेरच्या माणसाला वाटलं असतं, म्हातारपणीही बाई किती हौसेनं खांद्यांवर हात ठेवून बसलीय.

बाजार संपला, रस्ता रुंद झाला, गाड्यांचा वेग वाढला. छोटूनं अंतर थोडं कमी केलं. त्याच्या स्कूटरचा आवाज ओळखीचा वाटला असेल, ताईनं मागे वळून बघितलं. हेल्मेटच्या काचेआड तिचा चेहरा त्याला दिसला नाही, पण तिनं त्याला ओळखलं. तिनं उजवा हात उचलला आणि हवेत हलवला. जा, जा परत, दुकान उघडं टाकून कुठं आलास?

भाऊजींची गाडी लगेच डावीकडे वळली.

डावीकडे रस्ता नव्हता. कडेला एक टेंपो उभा होता, त्याच्या मागून लोखंडी सळया बाहेर आल्या होत्या. छोटू ओरडला, पण तो आवाज त्याच्याच कानांपर्यंत पोचला. ताईनं झटकन पुढे बघितलं, दोन्ही हात खांद्यांवर आपटले आणि सगळ्या अंगाचा भार टाकून दाबले. गाडी थांबली. सळयांच्या टोकांपासून चाक हातभरावर होतं.

भाऊजी काहीच विचारत नव्हते. त्यांना सांगितलं तिकडे ते वळले होते, सांगितलं तिथं थांबले होते. थोड्या वेळानं गाडी पुन्हा हळूहळू रस्त्यावर आली. ताईचे दोन्ही हात जागच्या जागी होते.

छोटूची स्कूटर केव्हाच बंद पडली होती. ती सुरू करायला त्याचा हात किल्लीकडे गेला आणि थांबला. ताई पुन्हा वळून बघणार होती. तो मागे आहे असं वाटेल तोवर ती बघतच राहणार होती.

त्यानं स्कूटर ढकलत कडेला नेली. तिथं एक बस उभी होती. तिच्या मागे जाऊन तो पाठ टेकून उभा राहिला. तिथून रस्ता दिसत नव्हता.